प्रदर्शनाचा स्टॉल कोण उभारतो? शिरगाव-पालघरच्या तरुणांसाठी एक व्यवसाय

दहावी-बारावीचे निकाल लागले की शिरगाव, सातपाटी, माहीम, पालघर या पट्ट्यातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला आयटीआयला घालावे, तारापूरच्या एमआयडीसीत चिकटवावे, की आखातात असलेल्या मामाकडे पाठवावे? या चर्चेत एक मुलगा किंवा मुलगी नेहमी मागे राहते. तिचा हात चित्रकलेत चांगला असतो, तो घरातल्या तुटक्या लाकडातून काहीतरी नवे करीत असतो. त्याला सांगितले जाते, "चित्रे काढून पोट भरत नाही." हे पूर्णपणे खरे नाही. ज्या व्यवसायात चित्र, सुतारकाम, वीज, छपाई आणि हिशेब या सर्वांना भाव मिळतो असा एक व्यवसाय आपल्या रेल्वेमार्गावरच चालतो. तो म्हणजे प्रदर्शनांची रचना आणि उभारणी.

हा व्यवसाय आहे तरी काय?

गोरेगाव पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्गालगत नेस्कोचे बॉम्बे एक्झिबिशन सेंटर आहे. तेथे वर्षभर औषधे, रसायने, यंत्रे, फर्निचर, दागिने, खाद्यपदार्थ अशा अनेक धंद्यांची प्रदर्शने भरतात. वांद्रे-कुर्ला संकुलात 2022 साली सुरू झालेले जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावर दरवर्षी 14 नोव्हेंबरपासून भारतीय आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. तेथील नवे भारत मंडपम संकुल 2023 च्या जुलैमध्ये खुले झाले.

अशा प्रदर्शनात प्रत्येक कंपनी जागा भाड्याने घेते. ही जागा चौरस मीटरवर मोजली जाते. जागा दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात आयोजकच अ‍ॅल्युमिनियमचे खांब आणि पांढऱ्या फळ्या लावून तयार गाळा देतात. बाजारात याला 'शेल स्कीम' किंवा 'ऑक्टोनॉर्म' म्हणतात. यात साधारणपणे एक-एक मीटरवर खांब आणि अडीच मीटर उंची असते. सर्वांत लहान गाळा बहुधा तीन मीटर बाय तीन मीटर, म्हणजे 9 चौरस मीटरचा असतो. दुसऱ्या प्रकारात फक्त मोकळी जमीन मिळते. तिला 'रॉ स्पेस' किंवा 'बेअर स्पेस' म्हणतात. त्या जमिनीवर भिंती, फरशी, दिवे, कपाटे, टेबले, नावाची अक्षरे सगळे काही दोन-तीन दिवसांत उभे करायचे असते. प्रदर्शन तीन-चार दिवस चालते आणि शेवटच्या संध्याकाळी तेच सारे काही तासांत काढून जागा रिकामी करून द्यावी लागते. हे काम ज्याच्याकडे असते तो स्टॉल डिझायनर आणि स्टॉल कंत्राटदार. मोठ्या कंपन्यांत ही दोन वेगळी माणसे असतात, लहान धंद्यात एकच.

ही विद्या नवी नाही

वस्तू मांडून दाखवण्याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली सुरू झाले. कारागिरांचे व्यवसाय, लोकांचे पेहराव, मुंबईचे नकाशे लोकांना कसे समजतील याचा विचार तेथील मातीच्या प्रतिकृतींत आणि काचेच्या कपाटांत आजही दिसतो. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन डिझायनर पती-पत्नीला बोलावले. त्यांनी 1958 साली जो अहवाल दिला त्यात आपल्या घरातल्या साध्या लोट्याचे उदाहरण होते. पाणी भरणे, उचलणे, डोक्यावर किंवा कमरेवर वाहणे, ओतणे, धुणे या सर्व गोष्टींचा विचार त्याच्या आकारात कसा मुरला आहे, हे त्यांनी दाखवले. त्या अहवालातून 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक प्रदर्शनच होते. पंडित नेहरूंच्या जीवनावरील ते प्रदर्शन इम्स यांच्याबरोबर तयार होऊन 1965 साली न्यूयॉर्कमध्ये उघडले.

आपल्या महाराष्ट्रातील एक नाव येथे आठवते. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत आले तेव्हा सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. पुढे त्यांनी मुलांचे फर्निचर आणि खेळणी यांच्या डिझाइनचेही काम केले. जगाने त्यांना चित्रकार म्हणून ओळखले ते नंतर. पोटासाठी केलेल्या कामाने त्यांची कला कमी झाली नाही. मोठ्या पृष्ठभागावर झपाट्याने, लांबून दिसेल असे काम करण्याचा सराव त्यांना त्यातूनच मिळाला.

आपल्या भागाची जमेची बाजू

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्याच्या आदल्या वर्षी, 2013 मध्ये, डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली होती. शिरगावच्या मुलाला पालघर स्थानकावरून गाडी धरून बोरिवली किंवा अंधेरीला गाडी बदलली की गोरेगाव किंवा राम मंदिर स्थानकावर उतरता येते. म्हणजे देशातील एक मोठे प्रदर्शन केंद्र त्याच्या रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात आहे.

दुसरी जमेची बाजू बोईसरची. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे शेकडो कारखाने आहेत. यांतील अनेकांना ग्राहक मिळवण्यासाठी प्रदर्शनांत जावे लागते. मोठ्या कंपन्या मुंबईच्या नावाजलेल्या एजन्सीकडे जातात. लहान कारखानदार मात्र 9 किंवा 12 चौरस मीटरचा गाळा घेतो, मागे एक बॅनर लावतो, टेबलावर बाटल्या ठेवतो आणि कोणी थांबत नाही म्हणून नाराज होऊन परततो. आपल्या भागातील नव्या माणसाचा पहिला ग्राहक हाच.

तिसरी बाजू हुनरची. चिंचणी-डहाणू पट्ट्यात दागिन्यांसाठी लागणारे डाय कोरण्याचा धंदा घरोघरी चालत आला आहे. सातपाटीला होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे हात आहेत. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली. 1989 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे काम होते, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्टॉलवर वारली चित्र हवे असेल तर इंटरनेटवरून नक्कल उचलून छापू नये. गावातल्या चित्रकाराला बोलवावे, ठरलेला मोबदला द्यावा, त्याचे नाव लिहावे. यात इमानदारीही आहे आणि धंद्याचा फायदाही, कारण हाताने काढलेल्या चित्रासमोर माणूस थांबतो.

चांगला स्टॉल कशाने होतो?

नवखा माणूस सुंदर चित्र काढतो. जाणता माणूस आधी तीन प्रश्न विचारतो. येणारा माणूस कोणत्या बाजूने येईल? तीन सेकंदांत त्याला काय कळले पाहिजे? आत आल्यावर तो कोठे उभा राहील? एक बाजू उघडी असलेला गाळा, दोन बाजू उघड्या असलेला कोपऱ्याचा गाळा आणि चारी बाजूंनी मोकळा गाळा यांची रचना एकसारखी असू शकत नाही. कंपनीचे नाव डोक्यांच्या वर हवे, कारण गर्दीत खालचे काही दिसत नाही. वाचण्याचा मजकूर डोळ्यांच्या पातळीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटरच्या आसपास हवा. दहा फुटांवरून सहज वाचायचे असेल तर अक्षराची उंची किमान एक इंच धरावी. टेबल दारात आडवे टाकले की ग्राहक बाहेरच राहतो.

यापुढे येते मापाचे ज्ञान. आयोजकांच्या नियमपुस्तिकेत माप मिलिमीटरमध्ये असते, सुतार फूट, इंच आणि सुतात बोलतो. एका इंचात 8 सूत, आणि एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. दोन्ही भाषा ज्याला येतात त्याच्या कामात घोळ होत नाही. प्लायवूडचा पत्रा 8 फूट बाय 4 फूट, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर असतो. आता कोणी भिंत बरोबर 2500 मिलिमीटर उंच काढली तर प्रत्येक पत्रा 60 मिलिमीटरने तोकडा पडतो, वर पट्टी जोडावी लागते आणि सांधा दिसतो. त्याऐवजी जमिनीवर 100 मिलिमीटर उंचीचा प्लॅटफॉर्म केला आणि भिंत 2400 ची ठेवली, तर एकूण उंची तेवढीच राहते, पत्रा जवळजवळ पूर्ण वापरला जातो आणि वायरी प्लॅटफॉर्मखालून जातात. तीन मीटरच्या मागच्या भिंतीला अडीच पत्रे लागतात. उरलेल्या अर्ध्या पत्र्यात काउंटरची पुढची बाजू निघते. कागदावर असा विचार करणारा डिझायनर कंत्राटदाराला हवा असतो. आज संगणकाला चार ओळी सांगितल्या की स्टॉलचे झकास चित्र मिळते, ग्राहकही असे चित्र घेऊन येतात. पण ते चित्र उभे राहील का, किती रात्रींत होईल, कितीला पडेल, हे सांगणारा माणूस लागतोच.

शिकायचे कोठे?

रस्ते तीन आहेत. प्रत्येकाने आपली ऐपत पाहून निवडावा.

पहिला रस्ता पदवीचा. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्याव्यात. बारावीनंतर मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात आणि उपयोजित कला संस्थेत पदवीचे शिक्षण मिळते. 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणून प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षी पाहून घ्यावेत. इतर कला महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी असते. एनआयडी अहमदाबादच्या चार वर्षांच्या पदवीत एक्झिबिशन डिझाइन हा स्वतंत्र विषय आहे. तिची प्रवेश परीक्षा दोन टप्प्यांत होते. पवईच्या आयआयटीत 1969 पासून डिझाइन केंद्र आहे, तेथे पदवीसाठी यूसीड ही परीक्षा द्यावी लागते. वास्तुशास्त्राकडे जायचे असेल तर अंजुमन-ए-इस्लामच्या नवीन पनवेल येथील काळसेकर संकुलात त्याचे महाविद्यालय आहे.

राष्ट्रीय संस्थांची फी लाखांत जाते, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. ज्यांची जमात ओबीसी यादीत आहे त्यांनी जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला आधीपासून काढून ठेवावा. केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या यादीप्रमाणे दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. ऐन वेळी धावपळ होऊन कित्येकांची जागा यातच जाते. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशीही प्रवेश परीक्षेच्या वेळीच करावी.

दुसरा रस्ता आयटीआय आणि पदविकेचा. सुतारकाम, इलेक्ट्रिशियन, वायरमन, ड्राफ्ट्समन, पेंटर, इंटिरियर डिझाइन अँड डेकोरेशन हे आयटीआयचे ट्रेड या धंद्यात थेट उपयोगी पडतात. सर्व ट्रेड सर्व ठिकाणी नसतात, म्हणून जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन विचारावे. यातून शिकलेला मुलगा पुढे ऑटोकॅड, स्केचअप आणि थ्रीडीएस मॅक्स शिकला तर त्याला मागणी अधिक, कारण त्याने हाताने काम केलेले असते. पारंपरिक सुतारांसाठी सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण आणि 15,000 रुपयांपर्यंत अवजारांसाठी मदत ठेवलेली आहे.

तिसरा रस्ता उमेदवारीचा. एखाद्या स्टॉल कंत्राटदाराकडे एक हंगाम साइट सुपरवायझरचा मदतनीस म्हणून काम करावे. पगार थोडा मिळतो, पण एका हंगामात वीस-पंचवीस स्टॉल उभे राहताना आणि मोडताना पाहायला मिळतात. वर्गात हे शिकवता येत नाही.

मुलींनी हे क्षेत्र आपले नाही असे समजू नये. थ्रीडी चित्र, ग्राफिक, छपाईच्या फाइली, कोटेशन ही कामे शिरगावच्या घरात बसूनही होतात. साइटवर सुपरवायझर म्हणून उभ्या राहणाऱ्या मुलीही आता दिसतात. रात्रीच्या कामाला जाण्यायेण्याची सोय मात्र आधीच ठरवून घ्यावी.

पैशाचा हिशेब

आता ज्या ठिकाणी बहुतेक नवे लोक बुडतात त्या विषयाकडे येऊ. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सहा मीटर बाय सहा मीटरचा, म्हणजे 36 चौरस मीटरचा स्टॉल आहे. दर 9,000 रुपये चौरस मीटर ठरला. कर सोडून एकूण काम 3,24,000 रुपयांचे झाले. खर्च असा धरू: माल 1,15,000, मजुरी 70,000, छपाई 30,000, भाड्याचे फर्निचर आणि दिवे 20,000, टेम्पो 15,000, साइटवरचा किरकोळ खर्च 10,000. एकूण 2,60,000. हातात 64,000 राहतात असे दिसते. त्यातूनच गोदामाचे भाडे, संगणक आणि जी कामे मिळाली नाहीत त्यांच्या डिझाइनवर घालवलेला वेळ भरून काढायचा असतो.

आता पैसे कधी येतात ते पाहा. ग्राहक म्हणाला, "अर्धे आता, अर्धे प्रदर्शनानंतर." म्हणजे सुरुवातीला 1,62,000 मिळाले, खर्च मात्र 2,60,000 झाला. 98,000 रुपये स्वतःच्या खिशातून घातले. प्रदर्शन संपले, स्टॉल मोडला, आता ग्राहकाला घाई नाही. एखादा दिवा बंद होता, रंग थोडा वेगळा होता अशी कारणे निघतात. अशी तीन कामे एका हंगामात घेतली की सुमारे 3 लाख रुपये अडकतात आणि सुताराची मजुरी थकते. कागदावर धंदा नफ्यात, प्रत्यक्षात घरातले दागिने गहाण, अशी अवस्था होते.

तेच काम 50-40-10 या हप्त्यांनी घ्यावे. ऑर्डरबरोबर 1,62,000, स्टॉल ताब्यात देताना, उद्घाटनाआधी 1,29,600 आणि नंतर 32,400. उद्घाटनापूर्वीच 2,91,600 हातात येतात, खर्च पूर्ण निघतो आणि अडकण्याची भीती फक्त 32,400 ची राहते. दर तोच, नफा तोच, पण धंदा वाचतो. ग्राहक दर थोडा कमी मागत असेल तर एक वेळ द्यावा, हप्ते मात्र सोडू नयेत.

कायद्याचाही आधार आहे. काम घेण्यापूर्वी उद्यम नोंदणी करून ठेवावी, ती मोफत असते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. न दिल्यास फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करता येते. यासाठी ऑर्डर, बिल आणि ताबा दिल्याची सही कागदावर हवी. तोंडी व्यवहाराला येथे किंमत नाही. सेवा क्षेत्रात वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. बिल काढल्यावर ग्राहकाने पैसे दिले नसले तरी त्यावरचा कर मुदतीत भरावा लागतो, हे हिशेबात धरावे.

आणखी एक धोका डिझाइन चोरीचा. ग्राहक चार जणांकडून फुकट डिझाइन मागवतो आणि त्यातले आवडलेले स्वस्त कंत्राटदाराकडून करून घेतो. रेखाचित्रावर कॉपीराइट असतो हे खरे, पण लहान माणूस कोर्टात किती फिरणार? म्हणून आगाऊ रक्कम येईपर्यंत फक्त चित्र दाखवावे, मापे घातलेले नकाशे देऊ नयेत.

हंगाम आणि अडचणी

या धंद्याचा जोर दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत असतो, पावसाळ्यात काम कमी. त्या महिन्यांत दुकानांची सजावट, शोरूम, कंपनीचे स्वागतकक्ष, नाटकाचे नेपथ्य, चित्रपटाचे सेट अशी कामे धरावी लागतात. लग्नसराईची सजावटही हात चालू ठेवते. 2020 साली कोरोनात प्रदर्शने बंद झाली आणि नेस्कोच्या सभागृहात रुग्णांच्या खाटा लागल्या. ज्यांचा सारा धंदा प्रदर्शनांवर होता त्यांचे उत्पन्न एका रात्रीत थांबले. म्हणून एकाच प्रकारच्या कामावर संसार उभारू नये.

कामाचे तास कठीण असतात. सलग दोन-तीन रात्री जागून काम, शिडीवर चढणे, तात्पुरत्या वायरी, ठिसूळ काच. हेल्मेट, बूट आणि जाणकार इलेक्ट्रिशियन यांवर काटकसर करणाऱ्याकडे आपल्या मुलाला पाठवू नये, स्वतः मालक झाल्यावर ती करूही नये.

सुरुवात कशी करावी?

या हंगामात गोरेगावच्या दोन प्रदर्शनांना जावे. नियम पाहून नोंदणी करावी, काही ठिकाणी 18 वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो. दहा स्टॉल निवडून पावलांनी मापावेत, नकाशा काढावा आणि लोक कोठे थांबतात ते लिहावे. मग घरचा सराव म्हणून शिरगावचा किल्ला घ्यावा. 1739 च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला हा किल्ला परक्या माणसाला तीन मीटर बाय तीन मीटरच्या गाळ्यात कसा समजावून सांगाल? सहा फलक, एक प्रतिकृती, दोन दिवे. शाळेच्या प्रदर्शनात ते खरोखर उभे करावे आणि फोटो ठेवावेत. प्रत्यक्ष उभ्या केलेल्या एका कामाचा फोटो संगणकावरच्या दहा चित्रांपेक्षा मालकाला अधिक पटतो. त्यानंतर बोईसरच्या एखाद्या लहान कारखानदाराकडे जावे आणि त्याच्या पुढच्या 9 मीटरच्या गाळ्याचा नकाशा खर्चासह समोर ठेवावा.

पालकांनी एवढेच करावे: चित्र काढणाऱ्या मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घेऊ नये, तिच्याबरोबर मोजपट्टी आणि हिशेबाची वहीही द्यावी. या तिन्हींची सवय ज्याला लागली त्याला या धंद्यात काम कमी पडणार नाही.